आधी व्हीसीआर वाचवा

घराला रंग काढायचा म्हणून बेळगावात शहापूरच्या माडीवरचं सामान खाली आलं, त्यात व्हिडिओ कॅसेटींचं एक पोतं आणि जुना व्हीसीआर निघाला. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पक्ष पडलेत. धाकटा भाऊ म्हणतो, "सगळं पेन ड्राइव्हवर घालून घेऊया की, आणि हे डबडं भंगारात देऊया." आमचे थोरले काका, आण्णा, म्हणतात, "मी हाय तोवर कॅसेटीला कुणी हात लावायचा नाही." मेलबर्नमध्ये बसून मत द्यायला तुझं काय जातंय, हे दोघंही मला ऐकवतात. तरी देते.

भावाची घाई बरोबर आहे. कॅसेटीतल्या फितीवर चुंबकीय पूड एका चिकट थरानं धरून ठेवलेली असते. दमट हवेत तो थर ओल धरतो, फीत चिकट होते आणि वर पांढरी बुरशी येते. बेळगावचा पावसाळा आणि वर कौलं, म्हणजे काय ते सांगायला नको. खानापूरकडं तर याहून वाईट. अशी बुरशी आलेली कॅसेट तशीच लावली, तर ती यंत्रात जाते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्ह या सरकारी संस्थेनं २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या टेपांचं डिजिटल रूपांतर होणार नाही, त्यांतल्या बहुतेक कायमच्या गेल्या असं समजा. म्हणजे कपाटाला कुलूप लावून आण्णा कॅसेटी सांभाळत नाहीत, फक्त डोळ्यांआड ठेवतात.

पण त्या इशाऱ्याचं कारण नुसती फीत नव्हती. ती वाचणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती येणारी माणसं संपत चालली आहेत, हेही होतं. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर जे आहे ते जुनंच. आतले रबरी पट्टे कडक होतात, रोलर गुळगुळीत होतो. आणि फीत वाचणाऱ्या हेडचं ड्रम, जे पॅल या आपल्याकडच्या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतं, ते झिजलं की चित्रात बर्फ पडतो. भाऊ ज्याला डबडं म्हणतो, ते उद्या कॅसेटीपेक्षा दुर्मीळ होणार आहे. एकदा रूपांतर झालं की त्याचं काय काम, असं तो विचारतो. पहिलं रूपांतर धड झालं असेल, हे कुणी सांगितलं?

आमच्याच एका आत्याच्या लग्नाची, गावातल्या दुकानातून रूपांतर करून आलेली फाइल मला पाठवली होती. जुनं चित्र चारास तीन मापाचं. ते आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवलेलं, त्यामुळं सगळे वऱ्हाडी आडवे सुटलेले. हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात. कोपऱ्यात दुकानाचं नाव, शेवटपर्यंत. आणि कंटाळवाणा म्हणून वरातीचा बराच भाग कापून टाकलेला! मंगलाष्टकं पूर्ण, आहेर पूर्ण, बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरतात तेही पूर्ण. रस्ता तेवढा गायब.

मला तो रस्ताच हवा होता. एम-सेव्हन कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस दिव्याच्या झोतात उलटं चालत वरात टिपायचा, तेव्हा मागची दुकानं, त्यांच्या पाट्या, कट्ट्यावर बसलेली माणसं आपोआप फितीत यायची. वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ, गल्लीतल्या गणपतीपुढची नाटकं, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाची, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, २००० साली य. दि. फडके अध्यक्ष असताना झालेलं साहित्य संमेलन, यातलं बरंच कुणाकुणाच्या माडीवर असंच पडलेलं असणार. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि २०२४ च्या कायद्यानं पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालंय. अशा गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पाट्या कशा होत्या, हे न ठरवता टिपलेलं चित्र ना मुंबई सांभाळणार, ना बेंगळूर.

आणि ते दोघांनाही अडचणीचं आहे. आमच्याच कॅसेटीत मराठी पाट्यांच्या रस्त्यावरून जाणारा बँड कन्नड नट राजकुमारांच्या सिनेमातली गाणी वाजवतो, पंगतीत वाढणाऱ्या निम्म्या बायका आपसात कन्नड बोलतात, आणि आमची आजी त्यांना कन्नडमध्येच दटावते. म्हणूनच कुणी सोयीचं तेवढं कापून ठेवायच्या आत सगळं अख्खं उतरवून घ्यायला हवं. कापाकापी करायची हौस असेल त्यानं नंतर नक्कल घेऊन करावी.

मग भाऊ म्हणतो, एवढं कळतंय तर पोतं तुझ्याकडं पाठवतो. इथं सोय आहे खरी. काही नगरपालिकांच्या वाचनालयांत व्हीसीआर आणि संगणक जोडून ठेवलेला असतो. वेळ ठरवायची, कॅसेट न्यायची, आपली आपण उतरवून घ्यायची. ऑस्ट्रेलियातही पॅलच होतं, त्यामुळं आपल्या कॅसेटी इथं चालतात. न्यू जर्सीतल्या चुलतभावाकडं एनटीएससी ही वेगळी पद्धत, त्याच्या यंत्रावर नुसत्या रेघा. तरीही मला पोतं नको. कोण कुणाची मावशी, फेटा बांधलेला तो माणूस कोण, हे मला इथं कोण सांगणार? फाइलीला 'लग्न १' नाव देऊन मी ती डिस्कवर टाकीन आणि झालं. हे काम आण्णांच्या शेजारी बसून, वही घेऊनच व्हायला पाहिजे. परदेशातल्या आम्हा लोकांना सगळं क्लाउडवर चढलं की सुटल्यासारखं वाटतं, कारण माडी झाडायला आम्ही नसतो.

खरं तर इथल्यासारखा एक कोपरा बेळगावातल्या एखाद्या वाचनालयात सहज होईल. चांगल्या प्रतीत तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. एक टीबीच्या डिस्कवर सत्तरेक तास बसतात. दोन डिस्का घ्यायच्या, एक दुसऱ्या घरी ठेवायची. पूर्वी जपून ठेवलेल्या डीव्हीडी आता उघडत नाहीत, तेव्हा डिजिटल म्हणजे अमर असं भावानंही समजू नये. मूळ कॅसेटी टाकायच्या नाहीत, कोरड्या जागी उभ्या ठेवायच्या.

आण्णांना हे पटलंय, पण त्यांचा व्हीसीआर फीत गुंडाळून खातोय. वडगावात एक जुने मेकॅनिक सापडलेत. पट्टे बदलून देतो म्हणाले, हेड मात्र त्यांच्याकडं नाही. इथं जुन्या वस्तूंच्या दुकानात चालू स्थितीतले व्हीसीआर अजून मिळतात, वीजही तीच २३० व्होल्ट, फक्त पिन वेगळी. एक घेऊन पाठवते, असं मी ग्रुपवर लिहिलं. भावाचं लगेच उत्तर, "म्हणजे आता दोन डबडी?"