पंप बंद करा असं फ्रिस्टन कुठे म्हणाले?

माझ्या आत्याने दम्याचा पंप बंद केलाय. का, तर बायकांच्या ग्रुपवर 'मेंदूविज्ञानाचा महाशोध' आलाय. तो लांबलचक मेसेज थोडक्यात असा: लंडनचे शास्त्रज्ञ कार्ल फ्रिस्टन यांच्या 'अ‍ॅक्टिव्ह इन्फरन्स' सिद्धांताने सिद्ध झालंय की मेंदू जग बघत नाही, घडवतो. त्याला खरं आणि कल्पनेतलं यातला फरक कळत नाही. शरीर त्याच्या भाकितामागे जातं. म्हणून रोज सकाळी 'माझा श्वास मोकळा आहे' म्हणा, तपासण्या टाळा (शंकेने भाकीत बिघडतं म्हणे), पंप आपोआप सुटेल. शेवटी हात जोडलेले इमोजी आणि 'दहा जणांना पाठवा'.

'सिद्ध झालंय' इथूनच घोळ आहे. ज्या 'फ्री एनर्जी प्रिन्सिपल'वर (म्हणजे अंदाज आणि अनुभव यातली तफावत कमी करत राहणं, या विचारावर) हा सिद्धांत उभा आहे ते एक तत्त्व आहे, प्रयोगाने खरं-खोटं ठरवण्याची ती गोष्टच नव्हे, असं खुद्द फ्रिस्टन सांगतात. त्यावरून बांधलेली प्रारूपं (मॉडेल्स) तपासता येतात, आणि त्यांवर मेंदूवाल्यांचे वाद अजून चालू आहेत.

'मेंदू जग घडवतो' यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीच मांडलं होतं की बघणं म्हणजे नकळत केलेलं अनुमान. मेंदू आधी अंदाज बांधतो, डोळे-कान-त्वचेकडून आलेल्या खबरीशी तो ताडून पाहतो आणि तफावत कमी करतो. तफावत कमी करायचे मार्ग दोन: अंदाज बदलायचा, नाहीतर हालचाल करून परिस्थिती बदलायची. कप उचलताना हात कपापाशी पोचल्यावर कसा जाणवेल याचं भाकीत आधी होतं, आणि मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रिया स्नायू हलवून ते खरं करतात, असं हा सिद्धांत म्हणतो. 'शरीर भाकितामागे जातं' हे मेसेजवाल्याने इथून उचललेलं दिसतंय. पण हाताला स्नायू आहेत. श्वासनलिकेच्या अस्तरावरची सूज आणि चिकट कफ कुठल्या स्नायूने हलवणार?

शिवाय तोंडाने म्हटलेलं वाक्य म्हणजे मेंदूचं भाकीत नव्हे. सारख्या लांबीच्या दोन रेघा काढा, एकीच्या टोकांना बाण आत वळवून, दुसरीच्या बाहेर वळवून. पट्टीने मोजा, सारख्या आहेत म्हणून शंभरदा घोका. तरी एक लांबच दिसणार. जाणिवेच्या तळाशी चालणारे अंदाज आपल्या घोकंपट्टीला भीक घालत नाहीत.

आता खरा मुद्दा, दम्याचा. 2011 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला. दम्याच्या 46 रुग्णांना वेगवेगळ्या भेटींत आलटून पालटून चार गोष्टी दिल्या: सॅल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) खरा पंप, औषध नसलेला पंप, खोटं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. 'किती बरं वाटलं?' असं विचारल्यावर खऱ्या पंपाला सरासरी 50 टक्के सुधारणा, खोट्या पंपाला 45, खोट्या सुयांना 46, काहीच न करण्याला 21. म्हणजे विश्वासाने बरं वाटतं, अगदी औषधाइतकं वाटतं. मग फुंकर मोजली, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडते ते. खऱ्या पंपाने ती 20 टक्के वाढली. बाकी तिन्हींत साधारण 7, काहीच न केलं तेव्हाही.

पुन्हा वाचा. खोट्या पंपाने माणसाला बरं वाटलं, श्वासनलिका होत्या तशाच. मेसेजचा धोका नेमका हाच. आत्या म्हणते, 'अरे, मला खरंच हलकं वाटतंय.' वाटत असेलच! त्यात तिने सोडलाय तो रोजचा, सूज आवरणारा स्टिरॉइडचा पंप. तो सोडल्याबरोबर त्याच संध्याकाळी धाप लागते असं नाही. सूज गुपचूप परत चढत जाते, आणि मग धूळ, धूर किंवा साधी सर्दी अ‍ॅटॅकला पुरते.

आणि 'तपासण्या टाळा'? इथे तर सिद्धांत पार उलटा टांगलाय. अ‍ॅक्टिव्ह इन्फरन्समध्ये निर्णयाचं गणित दोन गोष्टी धरतं: हवं ते मिळेल का, आणि अनिश्चितता किती घटेल. शंका असेल तिथे जाऊन बघणं ही त्या गणितात लाभाची बाजू आहे. फ्रिस्टन यांच्या हिशेबाने वागायचं तर आत्याने रोज पीक फ्लो मीटरमध्ये फुंकावं. फुंकेचा जोर मोजणारी प्लॅस्टिकची नळी असते, काटा सरकतो, आकडा वहीत लिहायचा. उलट, आलेली खबर धुडकावून आपल्याच अंदाजाला चिकटणाऱ्या मेंदूचं उदाहरण या क्षेत्रातले लोक भास आणि भ्रम समजावून सांगताना वापरतात. मेसेज तोच सकाळचा व्यायाम म्हणून शिकवतोय.

'खरं आणि कल्पनेतलं कळत नाही' यावर फार वेळ घालवत नाही. कल्पना करताना मेंदूचे काही तेच भाग जागे होतात, एवढंच खरं. मनातल्या मनात जेवून कुणाचं पोट भरलेलं नाही.

पंपाचा डोस कमी होऊ शकतो, तेही सांगतो. दमा साधारण तीन महिने नीट आटोक्यात राहिला की डॉक्टर तो पायरीपायरीने उतरवतात. आत्याला आता डॉक्टरांकडेच घेऊन जातोय. दहा जणांना पाठवायचंच असेल तर वरचे 20 आणि 7 हे आकडे पाठवा.