चोपड्याच्या भाऊंना उत्तर: रिपोर्टवर उतारा २४ टक्के का दिसला

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पॉवर बीआयवर (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट चढवून शेड्यूल लावलं की आकडे आपोआप ताजे होतात, म्हणजे रिफ्रेश होतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. या भाऊंनी त्यांच्या जिनिंगमध्ये तसं केलं. एका रात्री रुईचा उतारा, म्हणजे कापसातून सरकी काढून किती टक्के रुई मिळाली तो आकडा, २४ टक्के दिसला. त्यांनी फोरमनला सगळ्यांसमोर बोल लावले आणि सकाळी कळलं की उतारा नेहमीसारखाच होता. पुढच्या आठवड्यात तर रिपोर्ट अपडेट व्हायचाच थांबला. 'यापेक्षा आमचे मुनीमजी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात ते आकडे बरे,' असं त्यांचं म्हणणं आहे.

आधी बंद पडण्याचं बघू. तुम्ही गेटवे (कॉम्प्युटरवरची फाइल पॉवर बीआयपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) मुनीमजींच्या लॅपटॉपवर टाकलाय, तोही पर्सनल मोडमध्ये. त्या मोडमध्ये तो लॅपटॉप चालू आणि लॉगिन केलेला असेल तेव्हाच काम करतो. मुनीमजी झाकण लावून घरी गेले की रात्रीचे आणि पहाटेचे रिफ्रेश फेल. सलग ४ वेळा फेल झालं की शेड्यूल आपोआप बंद होतं. त्याचा मेल जातो रिपोर्टच्या मालकाला, आणि तुमचं खातं पुण्यातल्या पुतण्याच्या नावाने आहे. इथे तुम्हाला कळणार कसं? हे मी लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. चूक माझी.

उपाय असा: वजनकाट्याचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, त्यावर स्टँडर्ड गेटवे टाका आणि स्लीप बंद करा. तो विंडोजची सेवा म्हणून चालतो, कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी. एक्सेल फाइल कंपनीच्या वनड्राइव्हवर असेल तर गेटवेचीही गरज नाही, फक्त फाइल तिच्या वेब पत्त्यावरून जोडा. सी ड्राइव्हमधल्या वनड्राइव्हच्या फोल्डरातून जोडली तर पॉवर बीआयच्या लेखी ती तुमच्या कॉम्प्युटरवरचीच फाइल, आणि पुन्हा गेटवे लागतो. शिवाय फेल झाल्याचा मेल जिथे ठरवतात, तिथे पुतण्याच्या जोडीला तुमचंही नाव घाला.

आता उताऱ्याचं, कारण खरं नुकसान तिथे झालं. समजा १०० क्विंटल कापूस जिनला लागला. ३४ टक्क्यांनी रुई ३४ क्विंटल, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. कापसाची नोंद त्याच संध्याकाळी झाली आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्याने १४ गाठीच लिहिल्या, उरलेल्या ६ सकाळी लिहिणार होता. रात्री ९ च्या रिफ्रेशने जे होतं ते उचललं: २,३८० किलो रुई, भागिले १०,००० किलो कापूस. २३.८ टक्के! रिपोर्टचं गणित बरोबर होतं, पण एक वही पुढे होती आणि दुसरी मागे. मुनीमजी मात्र प्रेसवाल्याला विचारून मगच आकडा टाकतात, म्हणून त्यांचं चुकत नाही.

मग मुनीमजींची ती सवय रिपोर्टमध्ये आणा. नोंदवहीत 'दिवस बंद' असा एक रकाना ठेवा. दोन्ही वह्या पूर्ण झाल्या की मुनीमजी तिथे 'हो' लिहितील. उतारा फक्त तेवढ्याच दिवसांचा काढा.

माझ्या हातून याहून वाईट घडलंय. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये तुरीच्या साठ्याचा रिपोर्ट मी बसवला होता. तिथल्या मुलाने फाइल 'स्टॉक नवीन' या नावाने सेव्ह केली. रिपोर्ट तीन दिवस जुनीच फाइल वाचत राहिला. रिफ्रेश रोज 'यशस्वी', आणि साठा तीन दिवसांपूर्वीचा. त्यावर भरवसा ठेवून शेठनी तुरीची खरेदी थांबवली. तो फोन मला अजून आठवतो. तेव्हापासून माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात दोन ओळी असतात: रिफ्रेश कधी झाला आणि शेवटची नोंद कधीची. पहिली ओळ आजची आणि दुसरी परवाची दिसली, की शेठ आधी मुनीमजींना फोन लावतात. वेळ दाखवताना एक सांभाळा. पॉवर बीआयच्या सर्व्हरचं घड्याळ भारताच्या साडेपाच तास मागे असतं, सकाळी ९ चा रिफ्रेश ३:३० चा दिसतो. पहाटेच्या रिफ्रेशमध्ये 'आज' म्हणजे कालची तारीख धरली जाते. सूत्रात साडेपाच तास मिळवा.

पॉवर बीआयच्या प्रो लायसन्समध्ये दिवसाला ८ रिफ्रेश मिळतात, ते कमी पडतात असं तुम्ही म्हणता. तुमच्याकडे नोंदी दिवसातून दोनदा होतात. त्या दोन वेळांनंतर अर्ध्या तासाने एकेक लावा, पुरतं.

मुनीमजींचा रात्रीचा मेसेज इतक्यात थांबवू नका. महिनाभर त्यांचा आकडा आणि रिपोर्टचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि ज्या तारखेला फरक पडेल ती मला कळवा. मागच्या लेखात गेटवेचा आणि 'दिवस बंद'चा भाग मी आज घातला आहे. फोरमनशी बोलला नसाल तर तेवढं बोलून घ्या, भाऊ. त्यांना मी सांगायला तयार आहे की चूक माझ्या लेखाची होती.