घरातल्या कुणी संशय धरला म्हणून आजारी माणूस बरा होत नाही, हे कुठल्या वचनात आहे?

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. काकांना जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत आणि ती रडत विचारते, "माझ्याच संशयामुळे गेले का गं ते?" चर्चमधल्या बहिणींच्या प्रार्थनासभेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी 'संशय हे सैतानाचं बी' असा फॉरवर्ड टाकलाय, तो तिने चार वेळा वाचला होता. नंतर तोच मला आणखी तीन ठिकाणांहून आला, म्हणून लिहितेय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: संशय धरणं पाप, येशूचा शिष्य थोमा याला त्यासाठी प्रभूने झिडकारलं, याकोब आपल्या पत्रात म्हणतो संशयी माणसाला काही मिळत नाही, तुला मुलगा होईल या देवदूताच्या शब्दावर विश्वास न ठेवल्याने जखऱ्या याजक मुका झाला, आपल्या जुन्या विश्वासणाऱ्यांनी कधी प्रश्न विचारले नाहीत, आणि घरातल्या एकाने जरी संशय धरला तर आजाऱ्याचं बरं होणं अडतं. वर मोठ्या अक्षरांत बायबलमधलं मार्क ९:२३, "विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे."

आधी हा आजाराचा मुद्दाच घेते, कारण बाकीचं चुकीचं आहे पण हे क्रूर आहे. ते २३ वं वचन कुणाला म्हटलंय ते तरी बघा! एका बापाला, ज्याचा मुलगा लहानपणापासून आगीत नि पाण्यात पडतोय. शिष्यांकडे आणला, त्यांना जमलं नाही. मग तो येशूला म्हणतो, तुमच्याने काही होत असेल तर आमच्यावर दया करा. "होत असेल तर" हा संशयच आहे ना? त्यावर २३ वं वचन येतं, आणि लगेच खाली २४ वं, जे फॉरवर्डवाल्याने कापून टाकलं: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." बाप हे ओरडून म्हणतो. तेव्हा येशूने त्याला सांगितलं का, की जा, आधी संशय संपव, मग मुलाचं बघू? नाही. मुलगा त्याच जागी बरा केला. आणि शिष्यांनी नंतर एकांतात विचारलं की आम्हाला का नाही जमलं, तर मत्तय १७:२० मध्ये उत्तर आहे, तुमच्या अल्पविश्वासामुळे. म्हणजे ठपका आला तो बरं करायला उभे राहिलेल्यांवर, बापावर नाही. आपल्याकडे मात्र प्रार्थना करणारे घरी निघून जातात आणि दोष त्या बाईच्या पदरात टाकतात जी रात्र रात्र हॉस्पिटलात नवऱ्याच्या उशाशी बसली होती.

अजून हवं असेल तर योहान ११ वाचा. येशूने मेलेल्या लाजराच्या कबरेवरची धोंड काढायला सांगितली तेव्हा त्याची बहीण मार्था म्हणते, आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत. सख्खी बहीण, कबरेच्या तोंडाशी उभी राहून बोलतेय. लाजर बाहेर आलाच.

याकोबाचं वचन खरं आहे, ते मी नाकारत नाही. १:६ मध्ये संशयी माणूस समुद्राच्या लाटेसारखा आहे असं लिहिलंय. पण वरचं ५ वं वचन वाचा, तिथे विषय आजाराचा नाही, ज्ञान मागण्याचा आहे, आणि देव दोष न लावता देतो असंही तिथेच आहे. जखऱ्या मुका झाला हेही खरं, पण मूल व्हायचं थांबलं नाही, त्याचा मुलगा योहान जन्मलाच, मग हे उदाहरण तुमच्या बाजूचं कसं?

आणि थोमा म्हणाला, पुन्हा उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. त्याने वेगळं काय मागितलं? बाकीच्या शिष्यांना येशूने हात आणि कूस दाखवून झाली होती, तो तेव्हा तिथे नव्हता. आठ दिवसांनी प्रभू परत आला आणि शांती असो म्हणून थेट थोमालाच म्हणाला, तुझं बोट इकडे कर. पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य, असंही म्हणाला, मान्य. पण झिडकारलं कुठे? उलट "माझा प्रभू व माझा देव" हे शब्द त्याच्याच तोंडून आले, आणि परंपरेने इ.स. ५२ मध्ये केरळात सुवार्ता घेऊन आला तो हाच थोमा.

आणि जुन्या विश्वासणाऱ्यांनी प्रश्न विचारले नाहीत म्हणे! पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर त्या तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवर), चर्चच्या अधिकारावर वाद घालत राहिल्या. पत्रं छापलेली आहेत, कुणीही वाचावीत. देवाने मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिलीय, विचार मीच करणार, असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर केलं.

मावशीला मी फोनवरच मार्क ९ काढायला लावला. ती मोठ्याने वाचत गेली, २४ व्या वचनाला थांबली आणि म्हणाली, "अगं, मी आयसीयूबाहेर हेच म्हणत होते." ज्या बहिणींनी तो मेसेज तिच्यापर्यंत पोचवला त्यांनी तो आधी ग्रुपवरून काढा आणि तिला जाऊन भेटा, ती दुपारी घरीच असते.