‘जरा तिखटमीठ लावलं तर बिघडलं काय?’ : शार्कच्या कार्यक्रमांच्या वकिलीला उत्तर

डिस्कव्हरी वाहिनीचा ‘शार्क वीक’, म्हणजे शार्कवरच्या कार्यक्रमांचा आठवडा, १९८८ पासून दर वर्षी येतो आणि त्याच्या मागोमाग त्याची ठरलेली वकिलीही येते. ती साधारण अशी: शार्कवरच्या कार्यक्रमांना जरा तिखटमीठ लावतात हे मान्य, पण थरार नसेल तर बघणार कोण? शिवाय दाखवतात ते खरंच असतं, शार्क धोकादायक आहेतच, सोबत शास्त्रज्ञ असतात आणि शेवटी संवर्धनाचा संदेशही देतात. म्हणजे एकूण शार्कचं भलंच होतं. हा मजकूर इतका पुढे पुढे पाठवला जातो की तो तपासायच्या भानगडीत कोणी पडत नाही. आपण पडू.

‘थरार नसेल तर बघणार कोण?’

बीबीसीच्या ‘ब्लू प्लॅनेट २’चा पहिला भाग २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. त्या वर्षी तिथे सर्वाधिक पाहिला गेलेला कार्यक्रम तोच. याच मालिकेत दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्री शेवाळाच्या जंगलातला एक प्रसंग आहे. पायजमा शार्क नावाचा पट्टेरी, लहानसा शार्क ऑक्टोपसला धरतो. ऑक्टोपस आपल्या भुजा त्याच्या कल्ल्यांच्या फटींत खुपसून त्याचा श्वास अडवतो आणि निसटतो. शिकार आहे, श्वास रोखायला लावणारा क्षण आहे आणि माणूस कुठेच नाही. थराराशी माझं भांडण नाहीच. समुद्रात तो हवा तेवढा आहे, उसना आणावा लागत नाही.

‘दाखवतात ते खरंच असतं’

हा मुद्दा सगळ्यात कच्चा आहे, म्हणून इथे जास्त वेळ काढतो. २०१३ च्या शार्क वीकची सुरुवात झाली ती मेगॅलोडॉन हा महाकाय शार्क अजून जिवंत असल्याचं सुचवणाऱ्या ‘माहितीपटा’ने. त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट होते, पुरावे रचलेले होते. मेगॅलोडॉन नामशेष होऊन ३० लाखांहून अधिक वर्षं झाली आहेत. अखेरीस काही क्षण एक सूचना झळकली, तीही नुसती कबुली देऊन थांबली नाही. महाकाय शार्कच्या दंतकथा जगभर आहेत, वाद चालू आहे, असा धुरळा तिने उडवून ठेवला. हा कार्यक्रम सुमारे ४८ लाख लोकांनी पाहिला आणि शार्क वीकचा तोवरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी तसाच आणखी एक बनावट माहितीपट आला. २०१७ मध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सची ग्रेट व्हाइट शार्कशी ‘शर्यत’ लावली. प्रत्यक्षात शार्क संगणकाने काढलेला होता आणि प्रेक्षकांनी कपाळावर हात मारला.

वकील म्हणतील, ही जुनी प्रकरणं झाली. २०१५ मध्ये वाहिनीच्या नव्या प्रमुखांनी असले बनावट माहितीपट बंद करण्याचं जाहीर केलं होतं. बरोबर. मग जे कॅमेऱ्यासमोर खरोखर घडतं तेच पाहू. ग्रेट व्हाइट पाण्याबाहेर झेप घेतो ते प्रसिद्ध दृश्य पुष्कळदा बोटीमागे सील या सागरी प्राण्याच्या आकाराचं नकली आमिष ओढत नेऊन मिळवलेलं असतं. पिंजऱ्याभोवती शार्क घोटाळतात, कारण पाण्यात मासळीचं रक्त, तेल आणि तुकडे ओतलेले असतात. दोरीला बांधलेलं आमिष पिंजऱ्याच्या दिशेने ओढलं की त्यामागे आलेला शार्क जबडा उघडूनच पिंजऱ्यावर आदळतो. पडद्यावर मात्र तो आतल्या माणसावर चालून आलेला दिसतो. झेप खरी, जबडाही खरा. आमिष चौकटीबाहेर ठेवलं की अर्थ पार बदलतो. संशोधकही आमिष वापरतात, त्यात गैर काही नाही. ते वापरल्याचं सांगत नाहीत, तिथे घोळ आहे.

आणि पार्श्वसंगीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन हजारांहून अधिक लोकांना शार्क शांतपणे पोहत असल्याची एका मिनिटाची चित्रफीत दाखवली. काहींना ती भीतिदायक संगीतासह, काहींना प्रसन्न संगीतासह, तर काहींना आवाजाशिवाय. दृश्य अक्षरशः तेच. तरी भीतिदायक संगीत ऐकलेल्यांचं शार्कबद्दलचं मत इतरांपेक्षा वाईट झालं. त्या मिनिटात शार्कने केलं काय, तर पोहला! निवेदकाने एकही खोटा शब्द न उच्चारता एवढं साधत असेल, तर ‘आम्ही चुकीचं काही सांगितलं नाही’ या बचावाला किती किंमत द्यायची?

‘शार्क धोकादायक आहेतच, भीती असलेली बरी’

फ्लोरिडाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंद ठेवतात. माणसाने खोडी न काढता झालेल्या हल्ल्यांची संख्या २०२३ मध्ये ६९ होती, २०२४ मध्ये ४७. मृत्यू अनुक्रमे १० आणि ४. हे सगळ्या जगाचे आकडे आहेत. शार्कच्या ५०० हून अधिक प्रजाती आहेत आणि जीवघेण्या हल्ल्यांपैकी बहुतेक तीनच प्रजातींच्या नावावर आहेत: ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. जिथे त्यांचा वावर आहे तिथे सावध राहावंच. पण सावध राहायला ठिकाण, हंगाम, पाण्याचा गढूळपणा असलं काहीतरी कळावं लागतं. नुसत्या धसक्याने ते कळत नाही. उलट धसक्यातून काय निघतं, ते पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसलं. लागोपाठ झालेल्या जीवघेण्या हल्ल्यांनंतर तिथल्या सरकारने २०१४ मध्ये किनाऱ्यांलगत आमिष लावलेले गळ टाकले. तीन महिन्यांत १७२ शार्क अडकले. बहुतेक टायगर शार्क होते. ज्याच्या धास्तीने हा खटाटोप केला, तो ग्रेट व्हाइट एकही नव्हता. याचं खापर एकट्या टीव्हीवर फोडणार नाही, पण ‘भीती असलेली बरी’ म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

‘सोबत शास्त्रज्ञ असतात’

असतात, आणि चांगलेही असतात. पण २०२२ मध्ये शार्क वीकच्या ३२ वर्षांतल्या २७२ भागांपैकी उपलब्ध असलेले २०१ भाग संशोधकांनी तपासले, तेव्हा असं दिसलं की शास्त्रज्ञ नसलेल्या अनेकांनाही तज्ज्ञ म्हणून उभं केलं होतं, आणि संशोधनाच्या पद्धतींपैकी महागड्या, दिसायला झोकदार तेवढ्याच पुढे आणल्या होत्या. समर्थकांच्या बाजूची गोष्टही याच अभ्यासात आहे, ती लपवत नाही: बहुसंख्य भाग माणसाला चावण्याबद्दल नव्हते आणि ७९ प्रजातींनी एकदा तरी, ओझरतं का होईना, तोंड दाखवलं होतं. तरी एकूण चित्रण चांगल्यापेक्षा वाईट बाजूलाच झुकलेलं होतं.

‘शेवटी संवर्धनाचा संदेश असतो’

त्याच अभ्यासानुसार ५३ टक्के भागांत तो होता, तोही त्रोटक. तासभर ज्याला राक्षस ठरवलं त्याला शेवटच्या मिनिटात ‘वाचवा’ म्हणायचं, तर कशापासून वाचवायचं हे तरी सांगायला हवं. २०१३ च्या एका अंदाजाप्रमाणे माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो. १९७० पासून खुल्या समुद्रातल्या शार्क आणि त्यांचे चपटे नातेवाईक असलेल्या रे माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं. मुख्य कारण बेसुमार मासेमारी. ग्रेट व्हाइटची मादी अंदाजे तेहेतिसाव्या वर्षी प्रजननक्षम होते. अशा प्राण्याची संख्या एकदा घसरली की सावरायला पिढ्या लागतात. शार्क वीकमुळे शार्क घटले असं मी म्हणत नाही, पण ‘भलंच होतं’ म्हणणाऱ्याला हा उतार ओलांडून पुढे जाता येणार नाही.

भलं करणारा माहितीपट कसा असतो, याचा दाखला आहे. माहितीपटकार माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या व्हेल शार्कच्या कत्तलीवर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ केला आणि २००१ मध्ये भारताने व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत घेतलं. हा मासा सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यापासून कोणाला भीती दाखवणार? बोटी दाखवल्या, किनाऱ्यावर कापले जाणारे मासे दाखवले, तेवढं पुरलं.

आणि नाट्यच हवं होतं, तर तेही होतं. मेगॅलोडॉनच्याच वर्षी, मार्च २०१३ मध्ये, बँकॉकला ‘साइट्स’ या धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत हॅमरहेडच्या तीन प्रजाती, ओशनिक व्हाइटटिप आणि पोरबीगल या शार्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचे ठराव आले. काही देशांचा विरोध होता आणि मंजुरीला दोन तृतीयांश मतं हवी होती. ठराव मंजूर झाले. पाच महिन्यांनी शार्क वीक सुरू झाला, तेव्हा पहिल्या रात्रीचा मान ३० लाख वर्षांपूर्वी मेलेल्या माशाला मिळाला.