शुक्राचा अस्त आणि मामांचा हिशेब

आज दुपारी ठाण्यात पाचपाखाडीला माझ्या नणंदेकडे केळवण होते. माझ्या यजमानांच्या मामांच्या धाकट्या मुलीचे लग्न आहे. मुलाच्या रजेच्या सोयीने ते खरे तर जानेवारीतच व्हायचे होते आणि त्यासाठी हॉलही ठरला होता. परंतु तेव्हा शुक्राचा अस्त आहे असे गुरुजींनी सांगितल्यावर मामांनी तारीख पुढे ढकलली आणि हॉलवाल्याला दिलेल्या आगाऊ रकमेवर पाणी सोडले. बासुंदीची वाटी संपेपर्यंत त्यांनी हे सारे मोठ्या अभिमानाने सांगितले. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नव्हती.

पान आणायला कोण जाणार याची चर्चा चालू असताना कोणीतरी इस्रोच्या शुक्र मोहिमेचा विषय काढला. तेव्हा हेच मामा म्हणाले, "बाराशे छत्तीस कोटी रुपये! अरे, आपला काय संबंध त्या शुक्राशी? तेवढ्या पैशांत घोडबंदर रोडचे खड्डे बुजले असते." सगळे हसले. मीही हसले, कारण मी त्या घरची सून आहे आणि मामा वयाने मोठे आहेत. द्यायचे ते उत्तर मला रिक्षात बसल्यावर सुचले, आणि आता रात्रीचे साडेदहा वाजले तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहीत आहे. मामा फेसबुकवर नाहीत. जे नातेवाईक आहेत त्यांनी कृपया त्यांना वाचून दाखवू नये.

ज्याच्यासाठी आपण लेकीच्या लग्नाची तारीख हलवली, त्याच्याशी आपला काय संबंध, हा प्रश्न माणसाला पडतोच कसा?

माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. २००४ सालच्या ८ जूनला, मंगळवारी, त्यांनी रजा टाकली आणि वेल्डिंगची चौदा नंबरची काच घेऊन ते वर्तकनगरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकणार होता. आधीचे असे अधिक्रमण १८८२ साली झाले होते, म्हणजे त्या दिवशी जगात जिवंत असलेल्या एकाही माणसाने ते पाहिलेले नव्हते. पावणेअकराच्या सुमारास ते सुरू झाले. ढगांची ये-जा चालू होती. दुपारी केव्हातरी ढग बाजूला झाले आणि अण्णांनी काच माझ्या हातात दिली. सूर्याच्या व्यासाच्या जेमतेम तिसाव्या भागाएवढा, काळाकुट्ट, कडा अगदी स्वच्छ असलेला ठिपका होता तो. अण्णा म्हणाले, "हा जवळजवळ आपल्या पृथ्वीएवढा आहे. आता बघ, आपण केवढे आहोत ते." मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, कडेवर मूल होते, खाली कुकर लावलेला होता, आणि तरीही मी त्या गच्चीवर किती वेळ उभी राहिले ते मला आठवत नाही.

मामा म्हणतात, तिथे आहे काय? आग आहे, मामा. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे. त्यात शिसे वितळते. हवेचा दाब आपल्या नव्वद पटींहून अधिक आहे, म्हणजे समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर जेवढा असेल तेवढा. वर गंधकाम्लाचे ढग आहेत. बुध सूर्याच्या कितीतरी जवळ असूनही शुक्र त्याच्यापेक्षा जास्त तापलेला आहे, कारण शुक्राच्या वातावरणात जवळपास ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याने आत आलेली उष्णता कोंडून ठेवली आहे. त्याचा व्यास आपल्या पृथ्वीपेक्षा फक्त साडेसहाशे किलोमीटरने कमी आहे. एका घरात, जवळजवळ एकाच मापाने जन्मलेल्या दोन भावंडांपैकी एकाचे असे का व्हावे, हे दुसऱ्याने विचारू नये? शेजारच्या फ्लॅटमधून धूर आला तर आपण दार वाजवतो की "आमचा काय संबंध" म्हणतो?

बरे, खड्ड्यांचा प्रश्न खरा आहे. आज येतानाही रिक्षाने माझी कंबर खिळखिळी केली. पण ते बुजवायचे पैसे शुक्राने नेलेले नाहीत, एवढे तरी मामांनी मान्य करावे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने या मोहिमेला मान्यता दिली, उड्डाण मार्च २०२८ मध्ये करायचे ठरले आहे. आणि त्याआधी कित्येक वर्षे आपण या यानाविषयी नुसते ऐकतच होतो, हेही मी नाइलाजाने कबूल करते. आपल्या कामांना उशीर होतो. पण उशीर म्हणाल तर शुक्रापुढे सगळेच हात टेकतात. जपानचे अकात्सुकी यान २०१० च्या डिसेंबरमध्ये शुक्राजवळ पोहोचले, नेमके त्याच वेळी मुख्य इंजिन बिघडले आणि यान पुढे निघून गेले. त्या लोकांनी ते सोडून दिले नाही. पाच वर्षे यान सूर्याभोवती फिरत राहिले, आणि २०१५ मध्ये, बरोबर त्याच ७ डिसेंबरच्या तारखेला, दिशा बदलण्यासाठी असलेल्या छोट्या इंजिनांच्या जोरावर त्यांनी ते शुक्राच्या कक्षेत नेऊन बसवले. त्यानंतर त्याने आठ वर्षांहून अधिक काळ काम केले. हे वाचले तेव्हा अण्णा नव्हते. ही बातमी त्यांना सांगायला हवी होती, असे मला अजूनही वाटते.

कारण अण्णांचा शुक्र मुळात रशियनांचा होता. माझ्या लहानपणी रशियाची गुळगुळीत, जाड कागदाची मासिके मराठीत येत आणि आमच्या वह्यापुस्तकांना त्यांचीच कव्हरे घातली जात. कव्हर घालण्यापूर्वी अण्णा ते पान वाचून काढत. व्हेनेरा ७ हे यान १५ डिसेंबर १९७० रोजी शुक्रावर उतरले, दुसऱ्या ग्रहावर उतरून तिथून माहिती पाठवणारे ते पहिलेच, पण पॅराशूट दगा देऊन गेल्यामुळे ते जोरात आदळले आणि बहुधा आडवे झाले. संदेश इतका क्षीण येत होता की यान संपले असे समजून लोक गप्प बसले, आणि नंतर ध्वनिमुद्रित केलेल्या टेपा पुन्हा तपासताना त्यात जमिनीवरून आलेली तेवीस मिनिटे सापडली. १९८२ च्या मार्चमध्ये व्हेनेरा १३ तर तिथे १२७ मिनिटे टिकले, जेव्हा त्याच्याकडून अपेक्षा होती फक्त ३२ मिनिटांची. त्याने पाठवलेल्या पिवळसर नारिंगी चपट्या दगडांचा फोटो माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर होता आणि त्यावर मी शाईने नाव घातले म्हणून मला बोलणी बसली होती. चार दिवसांनी उतरलेल्या व्हेनेरा १४ ची गोष्ट अण्णांना ठाऊक नव्हती, ती मला फार पुढे कळली: जमीन किती कठीण आहे हे मोजण्यासाठी त्याने हात खाली टेकवला, तर तो नेमका त्याच्याच कॅमेऱ्यावरून निघून पडलेल्या झाकणावर टेकला. कोट्यवधी किलोमीटर जाऊन त्यांनी स्वतःच्या झाकणाचा कठीणपणा मोजला. फिटर माणसाला याचे दुःखही झाले असते आणि हसूही आवरले नसते.

मघाशी मी जरा चिडून लिहिले. मुहूर्त पाहणाऱ्यांशी माझे भांडण नाही; माझे स्वतःचे लग्न मुहूर्तावरच झाले आहे. उलट मला पंचांगाचे कौतुकच वाटते. शुक्र सूर्याच्या पुढून जातो तेव्हा तो थोडेच दिवस दिसेनासा होतो आणि मागून जातो तेव्हा महिना-दोन महिने दिसत नाही, हे कोणीतरी पिढ्यान्पिढ्या पहाटे उठून, संध्याकाळी अंगणात उभे राहून पाहिले असणार, म्हणून तर त्या अस्ताचा हिशेब आपल्या घरात आला. मला राग येतो तो एवढ्याच गोष्टीचा, की हिशेब आपण जपून ठेवला आणि बघणे सोडून दिले. जानेवारीत शुक्र सूर्याच्या मागे होता, एवढे मामांना माहीत आहे. गेले काही आठवडे तो रोज संध्याकाळी येऊरच्या डोंगरावर लखलखत उभा असतो, हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या गॅलरीतून तो समोर दिसतो. समोर!

आणि त्या काचेचे पुढे काय झाले, तेही सांगते. शुक्राची अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात, आणि मग शंभराहून अधिक वर्षे येत नाहीत. दुसरे आले ६ जून २०१२ रोजी. अण्णांचे गुडघे तेव्हा दुखत असत, तरी ते उजाडण्यापूर्वी गच्चीवर गेले, खुर्ची पूर्वेला, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून ठेवली आणि काच मांडीवर घेऊन बसले. सूर्य आमच्या गच्चीवरून दिसलाच नाही. मी दोनदा चहा नेऊन दिला. साडेदहाला, सगळे संपल्यावर, ते खाली आले, काच फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "चला, आता २११७."

ल जान्ती नावाचा एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७६१ चे अधिक्रमण पाहण्यासाठी पुदुच्चेरीला निघाला होता. ते शहर इंग्रजांच्या ताब्यात गेल्याने त्याला उतरता आले नाही आणि डुलणाऱ्या जहाजावरून नेमके मोजमाप घेता आले नाही. तो आठ वर्षे याच बाजूला राहिला, १७६९ मध्ये पुदुच्चेरीत वेधशाळा उभारून बसला, आणि ऐन वेळी ढग आले. तो मायदेशी परतला तेव्हा त्याला मृत समजून त्याच्या मालमत्तेची वाटणी सुरू झाली होती. अण्णा खाली आले तेव्हा निदान पोहे तयार होते.

ती काच आता माझ्या कपाटात आहे. लग्नाला तिची गरज पडणार नाही. वैशाखातले लग्न आहे, गोरज मुहूर्त आहे, आणि हॉलच्या पार्किंगचे तोंड येऊरकडे आहे, हे मी आज येताना मुद्दाम रिक्षा थांबवून पाहून आले. अक्षता पडल्या, आहेर झाले, की मी मामांचा हात धरून त्यांना बाहेर नेणार आहे. पंगत पाच मिनिटे उशिरा बसली तर बिघडत नाही. ज्याच्यासाठी तीन महिने थांबलो त्याला पाच मिनिटे उभे राहून बघू या, एवढेच म्हणेन, आणि त्यांनी पुन्हा खड्ड्यांचा विषय काढला तर तेही निमूटपणे ऐकून घेईन.