गाणे हा जोडधंदा समजावा

श्रीमंत होण्याची तीव्र इच्छा आणि यमक जुळवण्याची बरी हातोटी ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी रॅपच्या क्षेत्रात अवश्य उतरावे. मात्र रॅप करून कोणी श्रीमंत होते, या भाबड्या समजुतीत राहू नये. अमेरिकेतील जे-झी हा रॅपर अब्जाधीश झाल्याचे श्रीमंतांच्या याद्या छापणाऱ्या ‘फोर्ब्स’ मासिकाने २०१९ साली जाहीर केले, तेव्हा त्याच्या संपत्तीची फोडही दिली होती. त्या हिशेबात त्याच्या शॅम्पेनच्या धंद्याची किंमत ३१ कोटी डॉलर होती, आणि दोन दशकांहून अधिक काळ लिहिलेल्या, गायलेल्या आणि जगभर वाजलेल्या गाण्यांच्या हक्कांची किंमत होती साडेसात कोटी. त्याच्या संग्रहातील चित्रेच ७ कोटींची होती. तेव्हा होतकरू रॅपरने आपल्या कलेकडे योग्य त्या प्रमाणातच लक्ष द्यावे, म्हणजे दिवाणखान्यातील भिंतींकडे द्यावे साधारण तितके.

सुरुवात रेकॉर्ड कंपनीच्या करारापासून करावी, आणि तो वाचू नये. सही करताना कंपनी जी उचल हातावर ठेवते ती बक्षीस आहे असे मानले म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते. समजा, ५ लाख डॉलर उचल मिळाली आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला तुमचा वाटा, ठरली १५ टक्के. ही उचल कंपनी तुमच्या १५ टक्क्यांतूनच वसूल करणार. म्हणजे विक्री ३३ लाख डॉलरच्या पुढे जाईपर्यंत तुमच्या खात्यात एक सेंटही जमा होत नाही, आणि तोवर दिलेली उचल वजा जाऊनही कंपनीच्या गल्ल्यात २८ लाख पडलेले असतात. स्टुडिओचा खर्च आणि व्हिडिओच्या खर्चाचा मोठा भागही बहुधा त्याच १५ टक्क्यांतून वळता होतो, हे कराराच्या अशा पानावर लिहिलेले असते की तिथवर पोहोचण्याआधीच अभिनंदनाचे फोन सुरू होतात. एवढे सगळे फिटल्यानंतरही मूळ ध्वनिमुद्रणांची, धंद्याच्या भाषेत ‘मास्टर्स’ची, मालकी कंपनीकडेच राहते. शेवटचा हप्ता भरून झाल्यावरही घर बँकेच्याच नावावर राहावे, अशी ही सोय आहे.

मास्टर पी नावाच्या एका हट्टी रॅपरने ही सोय नाकारली. आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या भरपाईतील १० हजार डॉलर घेऊन त्याने कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे रेकॉर्डचे दुकान काढले, ‘नो लिमिट’ ही स्वतःची कंपनी उभी केली, आणि १९९० च्या दशकात मोठ्या कंपनीशी करार केला तो फक्त वितरणाचा: माल त्यांनी दुकानांत पोहोचवायचा, मास्टर्स आपल्याकडे राहायचे. अशा माणसांमुळे उचलीवर विश्वास ठेवणाऱ्या इतर कलावंतांच्या मनात नाहक शंका उत्पन्न होतात, म्हणून त्याचे उदाहरण सही होईपर्यंत आठवू नये.

पैसा आला की तो चारचौघांत दिसला पाहिजे. एमसी हॅमर या रॅपरने सुमारे २०० माणसे पदरी बाळगली, प्रासाद बांधला आणि १९९६ साली सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या २०० जणांपैकी कोणी देण्यांतही वाटा मागितल्याचे ऐकिवात नाही.

मात्र खरे शिक्षण फिफ्टी सेंट या रॅपरच्या चरित्रात आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबावे. २००४ साली व्हिटॅमिनवॉटर हे पेय बनवणाऱ्या ग्लासो या कंपनीशी त्याने हातमिळवणी केली, तेव्हा जाहिरातीच्या मानधनावर समाधान न मानता त्याने कंपनीत हिस्सा घेतला. वाढत्या कंपनीलाही हे परवडते, कारण हिस्सा देताना तिजोरी उघडावी लागत नाही; द्यायचे असते ते उद्याच्या नफ्यातून, आणि तो झालाच नाही तर काहीच द्यायचे नसते. २००७ साली कोका-कोलाने ती कंपनी ४१० कोटी डॉलरना विकत घेतली. फिफ्टी सेंटच्या पदरात किती पडले याचे अंदाज ६ कोटींपासून १० कोटी डॉलरपर्यंत आहेत. तुम्ही यातून तात्काळ बोध घ्यावा. पुढच्या महिन्यात पगार देऊ केला जाईल तेव्हा तो नम्रपणे नाकारून कंपनीचा हिस्सा मागावा, आणि वरिष्ठांनी कारण विचारल्यास, आपण ते पेय पिताना दिसलो तर लाखो तरुण ते विकत घेतील, असे सांगावे. वरिष्ठ हसले, तर आपली आणि फिफ्टी सेंटची परिस्थिती नेमकी कुठे वेगळी आहे, हे आपसूक कळेल.

त्याच्या चरित्राचा पुढचा भाग यशोगाथा सांगणारे सहसा वगळतात. मला तोच अधिक उपयुक्त वाटतो. पेयात हात पोळला नाही म्हणून त्याने हेडफोनमध्ये घातला. एका कंपनीशी भागीदारी केली, ती मोडली, स्वतःचे हेडफोन बाजारात आणले, आणि जुन्या भागीदारांनी लवादापुढे दाद मागून १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निवाडा मिळवला. जुलै २०१५ मध्ये त्याने कनेक्टिकटमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर नोटांच्या थप्प्यांसोबतची आपली छायाचित्रे तो इन्स्टाग्रामवर टाकू लागला, तेव्हा धनकोंच्या भुवया उंचावल्या, न्यायाधीशांनी खुलासा मागितला, आणि त्याने सांगितले की त्या नोटा खोट्या आहेत, चित्रीकरणात वापरतात तशा. श्रीमंतीच्या शास्त्रातील एवढा प्रांजळ खुलासा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हेडफोनचा धंदा वाईट होता, असे मात्र समजू नये. रॅपर डॉ. ड्रे आणि संगीत-निर्माता जिमी आयोव्हीन यांनी २००६ साली बीट्स ही हेडफोनची कंपनी काढली, आणि २०१४ साली ॲपलने ती ३०० कोटी डॉलरना घेतली. वस्तू तीच आणि बाजारही तोच; एकाच्या वाट्याला ॲपल आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला लवाद. जाणकारांनी बीट्सच्या आवाजाला नाके मुरडली खरी, पण गळ्यात अडकवलेल्या हेडफोनचा आवाज ऐकायचा नसतो. ड्रेकडून शिकण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी की, व्यवहार अधिकृतपणे जाहीर होण्यापूर्वीच आपण हिप-हॉपमधील पहिले अब्जाधीश झाल्याची द्वाही त्याने एका व्हिडिओत फिरवली, आणि ‘फोर्ब्स’ने त्या वर्षी त्याला अब्जाधीशांत बसवलेच नाही. द्वाही फिरवण्यापूर्वी कराची रक्कम वजा करावी.

भांडवल बेताचे असेल तर जे-झीने बास्केटबॉलमध्ये केले तसे करावे. ब्रुकलिन नेट्स या संघात त्याचा हिस्सा एक टक्क्याहूनही कमी होता. तरी संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आला तेव्हा साऱ्या प्रेक्षकांना तोच मालक वाटत होता. उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांच्या धन्यांनी याबद्दल कुरकुर केली नाही, कारण तिकिटे खपत होती.

नास हा रॅपर या सर्वांपेक्षा शांतपणे पुढे गेला. त्याच्या क्वीन्सब्रिज व्हेंचर पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेने आभासी चलनांचा बाजार चालवणारी कॉइनबेस, कॅमेऱ्याच्या दारघंट्या बनवणारी रिंग, औषधे घरपोच देणारी पिलपॅक अशा कंपन्या अगदी लहान असताना त्यांत पैसे घातले, आणि शेवटच्या दोन्ही २०१८ साली ॲमेझॉनने विकत घेतल्या. तुम्हीही हे करू शकता; फक्त अमेरिकी नियमांनुसार अशा खासगी कंपन्यांची दारे बहुतांशी त्याच व्यक्तींना खुली असतात ज्यांची मालमत्ता राहते घर सोडून १० लाख डॉलरच्या वर आहे किंवा वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या वर आहे. थोडक्यात, गुंतवणुकीतून श्रीमंत होण्यापूर्वी श्रीमंत होऊन घ्यावे. तोपर्यंत या व्यवहारांत एक जागा तुमच्यासाठी कायम राखून ठेवलेली आहे, ती म्हणजे हेडफोन आणि बाटली रोख पैसे देऊन विकत घेणाऱ्याची. तिला वयाची, यमकाची किंवा मालमत्तेची अट नाही.

भागीदार निवडताना मात्र घाई करू नये. कोणतीही कंपनी दारात उभे करीना तेव्हा जे-झीने डेमन डॅश आणि कारीम बर्क यांच्यासह रोका-फेला ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, आणि १९९६ सालच्या त्याच्या पहिल्या अल्बमचे हक्क हीच त्या कंपनीची मुख्य मालमत्ता होऊन बसली. पुढे डॅश देण्यांत बुडाला, आणि त्याचा एक तृतीयांश हिस्सा न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये लिलावात निघाला. तो सुमारे १० लाख डॉलरना घेतला न्यूयॉर्क राज्याने, ज्याचा लक्षावधी डॉलरचा कर डॅशने थकवला होता. तेव्हा एकही ओळ न गाता, उचल न घेता आणि शॅम्पेन न विकता जे-झीचा भागीदार व्हायचे असेल, तर त्या राज्याच्या करखात्यात नोकरीसाठी अर्ज करावा. पगारही वेळेवर होतो.