आखराच्या भांडणात लिव्हरपूल

"तुमच्या तिकडं तं एवढं जुनं मैदान सोडून देल्लं म्हणे, मंग आमच्या आखराचं काय घेऊन बसला बाप्पा?" चुलतभावानं फोनवर विचारलं. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या एकच वाद आहे: आखराच्या, म्हणजे गावच्या मोकळ्या मैदानाच्या जागेवर ग्रामपंचायतीनं दुकानांचे गाळे बांधावेत का? खेळायला तालुक्याचं क्रीडा संकुल आहेच की, असं गाळेवाल्यांचं म्हणणं. मी अकरा वर्षं इंग्लंडात लिव्हरपूलला, म्हणून साक्षीला मला ओढलं.

साक्ष देतो, पण अर्धी देणार नाही.

इथल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या पुरुष संघानं २०२५ मध्ये गुडिसन पार्क हे मैदान सोडलं, हे खरं. १८९२ पासूनचं घर. १८ मे रोजी शेवटचा सामना झाला, साउथहॅम्प्टनला २-० हरवलं. तिकीट मला कुठलं मिळायला! बाहेर रस्त्यावरच्या गर्दीत उभा होतो. घरचा बैल विकताना माणसं जशी गोठ्याकडं पाहत नाहीत, तसे काही म्हातारे मान फिरवून उभे होते. आणि तरी सोडायला कारण होतं. स्टँडमधले खांब असे आडवे येत की ऐन वेळी चेंडूच दिसेना. चहूकडून घरं, एका कोपऱ्यात चर्च. वाढायला जागाच नाही. नवं स्टेडियम मर्सी नदीकाठी, ब्रॅमली-मूर गोदीत झालंय, जवळपास ५३ हजारांचं. (आपल्या वऱ्हाडाचा कापूस एके काळी याच शहराच्या बंदरात उतरून लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. तिथून जाताना मला ते आठवतंच.)

पण एव्हर्टनचं पहिलं भांडण फार कमी लोकांना माहीत आहे. आज लिव्हरपूल क्लबचं म्हणून जग ज्याला ओळखतं, ते अ‍ॅनफिल्ड मैदान १८८४ ते १८९२ एव्हर्टनचं होतं. क्लबचा अध्यक्ष जॉन होल्डिंग दारूभट्टीचा मालक आणि मैदानाचा कारभारीही तोच. भाडं शंभर पौंडांवरून अडीचशेच्या घरात गेलं आणि सभासद बिथरले. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या जॉर्ज महॉनच्या मागं ते स्टॅन्ले पार्कच्या पलीकडं गेले, एका ओसाड तुकड्यावर मैदान उभं केलं, तेच गुडिसन, आणि पुढं ती जागा विकत घेतली. होल्डिंगकडं मैदान उरलं, संघ उरला नाही. मग त्यानं दुसरा संघ काढला, तोच लिव्हरपूल!

आमचं आखर आज गावाचं आहे. गाळे झाले की ते कोणाच्या साळ्या-मेव्हण्याला मिळतील, हे मी सातासमुद्रापलीकडून सांगायला नको.

आता साक्षीचा उरलेला भाग. गुडिसन पाडायचं आधी ठरलं होतं. मग बेत बदलला आणि ते महिला संघाला दिलं. याच मैदानावर २६ डिसेंबर १९२० ला प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा, डिक कर लेडीजचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात फुटबॉल असोसिएशननं बायकांना क्लबांच्या मैदानांवर बंदी घातली, ती जवळपास पन्नास वर्षं टिकली. तेव्हा भाऊ, पुरुष संघ गेला, पण मैदान बायकांच्या हाती आलं. त्यावर कोणी गाळे नाही बांधले.

नागपूरचंही आठवा. क्रिकेट २००८ मध्ये जामठ्याला गेलं, पण सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान मोडलं नाही. जामठ्याला जायला मात्र स्वतःची गाडी लागते.

मला कळतं, गाळ्यांचं भाडं पंचायतीला हवंय. पोळ्याला आखरावर तोरणाखाली उभे राहणारे बैलही आता किती उरलेत! झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणणारे त्याहून कमी. नुसत्या पोळ्याच्या आठवणीसाठी जागा अडवा, असं मी म्हटलं असतं तर भावानं मला हसून फोन ठेवला असता, आणि ते बरोबरच.

पण पहाटे पाचला आखरावर पोलीस भरतीची तयारी चालते. मागच्या दिवाळीत पाहिलं, चार मुली ८०० मीटर मोजून पळत होत्या, एकीची आई काठावर बॅटरी धरून उभी. संकुल चौदा किलोमीटरवर, पहिली एसटी साडेसातची. त्यांना कोण पाठवणार तिथं?

हे सगळं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "फोनवर काय बोलतं? पोयाले ये अन् ग्रामसभेत बोल." तिकिटं पाहतोय. श्रावणात फार महाग आहेत.